मास्तरचा पुढचा दात

आमच्या कंपनीच्या टेम्पोत अठरा माणसं बसायची, आणि त्या अठरा जणांचे सगळे दात गोळा केले असते तर जेमतेम एका धड माणसाची बत्तिशी भरली असती. मला वाढवून सांगायची खोड आहे, हे आधीच कबूल करतो. पण इथं मी फार वाढवलेलं नाही. टेम्पोत कुणी विनोद केला आणि सगळे एकदम हसले, की समोरून बघणाऱ्याला पडक्या कुंपणाची रांग दिसावी, तसे आम्ही दिसायचो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वरव्याजवळच्या त्या कारखान्यात सकाळी आठला पत्रा दाबायचा प्रेस धडाडायला लागायचा, तो संध्याकाळी साडेसहाला गप्प व्हायचा. आम्हाला ठाऊक असलेला दातांचा दवाखाना एकच, भोरला एसटी स्टँडसमोरच्या माडीवर. डॉक्टरबाई रोज पुण्याहून यायच्या. दहाला दार उघडायच्या आणि रात्री आठला कुलूप लावून सव्वाआठची पुण्याची शेवटची एसटी धरायच्या. आमची आठवड्याची सुट्टी गुरुवारी, कारण गुरुवारी सगळ्या पट्ट्याची वीज बंद असायची. आणि वीज बंद म्हणून डॉक्टरबाईंचीही सुट्टी गुरुवारीच. दात कोरायचं यंत्र काही रॉकेलच्या बत्तीवर चालत नाही.

म्हणजे दाढ ठणकायला लागली की माणसापुढं रस्ता एकच. एक रजा टाकायची, माडी चढायची आणि खुर्चीत आडवं व्हायचं. बाई आरसा घालून बघायच्या आणि म्हणायच्या, "काका, दाढ वाचेल. चार वेळा यावं लागेल, आठ-आठ दिवसांनी."

"आन् येका खेपंत काय व्हतंय?"

"एका खेपेत फक्त काढता येते."

"मंग काढा."

असं करत करत चांगल्या चांगल्या दाढा त्या माडीवरच्या पत्र्याच्या बादलीत गेल्या. बिचाऱ्या डॉक्टरबाई शिकल्या होत्या दात वाचवायला, आणि भोरात येऊन करत होत्या काढणी. ज्वारीची करावी तशी.

आमच्यात दात न काढलेला एकच गडी होता, आणि तो माझ्याच प्रेसवर माझ्या समोर उभा असायचा. पत्रा तो सरकवायचा, दाबलेला तुकडा मी ओढायचो. भोरातल्या मुसलमान मोहल्ल्यातला. बाप बँडमध्ये, चुलता बँडमध्ये. हाही कारखान्यातला फावला वेळ आणि लग्नसराईतल्या सगळ्या रजा बँडलाच द्यायचा. क्लॅरिनेट वाजवायचा. म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे, सुपरवायझरसुद्धा. त्याची क्लॅरिनेट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वरातीतला घोडा रडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. घोड्याला सर्दी झाली होती असं त्याचा मालक म्हणतो, पण मालकाला सुरातलं काय कळतंय?

क्लॅरिनेट वाजवायची म्हणजे तोंडातला भाग वरच्या पुढच्या दोन दातांवर टेकवायचा आणि खालचा ओठ खालून दाबायचा. सगळी इमारत त्या दोन दातांवर. हे मला मास्तरनंच दाखवलं होतं, प्रेस बंद असताना पान्हा तोंडात धरून. आणि त्या दोन दातांतला डावा दात आदल्या सराईत गेल्यातच जमा झाला होता. वरातीत नाचणाऱ्या एका पाव्हण्याचं कोपर खालून क्लॅरिनेटला बसलं आणि क्लॅरिनेट मास्तरच्या दाताला. पाव्हणा नाचत पुढं गेला. मास्तरनं रक्त गिळून गाणं पुरं केलं. मी म्हणालो, "मर्दा, थांबायचं न्हाई व्हय?" तर म्हणाला, "कडवं चालू व्हतं की."

पावसाळा निघेस्तोवर दात काळवंडला. नवरात्रात वरच्या हिरडीवर फोड आला, दाबला की पू यायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तरनं हिशेबात उरलेली शेवटची रजा टाकली आणि माडी चढला. इतरांसारखं "काढा" म्हणाला नाही. म्हणाला, "बाई, ह्यो दात ऱ्हायला पायजे. ह्यो गेला तर मी नुस्ता प्रेसवाला उरतो."

बाईंना आनंद झाला असावा. इतक्या वर्षांत कुणीतरी दात वाचवायला आलं होतं. त्यांनी दात मागून उघडला, आतली घाण काढली, औषध भरलं, वर कच्चं सिमेंट लावलं आणि बजावलं, "बरोबर आठ दिवसांनी यायचं. हे सिमेंट तात्पुरतं आहे. निघालं आणि पुन्हा आत घाण गेली तर मी काही करू शकणार नाही. अजून तीन खेपा. तुळशीच्या लग्नाआधी तुमचा दात पक्का करून देते."

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. सराईच्या पहिल्या लग्नाची सुपारी बँडनं घेतली होती, मास्तरच्या नावावर.

आता तीन खेपा आणायच्या कुठून? रजा संपलेल्या. त्या सगळ्या वैशाखात लोकांच्या वरातीपुढं वाजवून टाकलेल्या, त्यात कुणाचा दोष नाही. मास्तर सुपरवायझरसाहेबांकडं अर्ध्या दिवसाचा गेटपास मागायला गेला. साहेब हजेरीच्या वहीतून मान वर न काढता म्हणाले, "ताप आहे का?"

"न्हाई साहेब."

"हात दुखतोय?"

"दात दुखतोय."

"पत्रा दातानं उचलतोस का हातानं?"

साहेब वाईट नव्हते. प्रेस दोघांचा. एक गेला की दुसरा बसून, प्रेस बसून, पुढची चार माणसं बसून. सुजलेलं बोट, उतरलेला खांदा, शंभरच्या वरचा ताप, यांना त्यांच्या वहीत जागा होती. दाताला नव्हती.

मग मास्तरनंच वाट काढली. साडेसहाला काम सुटतं. पावणेसातला टेम्पो निघतो. मधे न थांबता गेला तर साडेसात-पावणेआठला भोर. बाई म्हणाल्या होत्या, पावणेआठला आलात तरी वीस मिनिटांत माझं काम उरकतं, आठची आठ-पाच करीन, पण सव्वाआठची एसटी काही माझ्यासाठी थांबणार नाही. म्हणजे सगळं जमत होतं. टेम्पो मधे थांबला नाही तर.

आणि टेम्पो मधे थांबायचा तो माझ्यामुळं.

हे नीट सांगितलं पाहिजे. कामथडीला हायवेच्या कडेला एक चहाची टपरी होती. टेम्पो तिथं चहाला थांबायचा. चहाला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. पण चहाबरोबर माझी गोष्ट असायची. कधीपासून सुरू झालं आठवत नाही, पण पहिल्या पावसाळ्यानंतर ती रीतच होऊन गेली. अठरा माणसं, ड्रायव्हर आणि टपरीवाला, वीसजण गोल करून उभे, मधे मी. गोष्ट संपली की ड्रायव्हर गिलास उपडा करून ठेवायचा आणि म्हणायचा, "चला, बसा." गोष्ट संपल्याशिवाय त्यानं कधी गिलास उपडा केला नाही. टपरीवाला मला चहाचे पैसे लावायचा नाही. दिवसभर पत्रा ओढून ओढून माणसाचं माकड झालेलं असायचं. त्या टपरीपुढं मी पुन्हा माणूस व्हायचो. नुसता माणूस नाही, राजा. दहा तास माझं कुणी ऐकत नव्हतं, आणि तिथं वीस तोंडं उघडी पडायची. पाच मिनिटांचा चहा पंचवीस मिनिटं चालायचा.

दुसऱ्या खेपेचा मंगळवार उजाडला. सकाळी प्रेस सुरू व्हायच्या आधी मास्तर हळूच म्हणाला, "दोस्ता, आज कामथडी नको."

"न्हाई म्हंजे न्हाई. आज टपरीकडं बघणार बी न्हाई. डोळ्याला टावेल बांधून बसतो."

"टावेल ऱ्हाऊ दे. तोंडाला बांध."

आम्ही दोघं हसलो. ड्रायव्हरलाही सांगितलं, बाकीच्यांनाही. सगळे म्हणाले, व्हय व्हय, मास्तरचा दात पयला. एकानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "मास्तर, तुमच्या दातासाठी आमी एक दिस चहा सोडला म्हंजे काय, घरदार सोडू."

साडेसहाला काम सुटलं. टेम्पोत चढतोय तर पुढं ड्रायव्हरच्या शेजारी सुपरवायझरसाहेब बसलेले. त्यांची स्कूटर बिघडली होती, कापूरहोळपर्यंत येणार होते. नसरापूरचा फाटा मागं पडला आणि साहेबांनी मागची काच सरकवली.

"काय रे, कामथडीला रोज तुझी सभा भरते म्हणे? आज चहा माझ्याकडून. बघू तरी तुझी गोष्ट काय चीज आहे."

घरदार सोडणारा गडी बाहेर बघायला लागला. माझ्या तोंडाशी आलं होतं, साहेब, आज नको, मास्तरला दवाखान्यात पोचायचंय. एवढंच वाक्य. मोजून सात-आठ शब्द. ज्या माणसानं आजवर लाखभर शब्द फुकट वाटले, त्याला हे सात-आठ जड झाले. का? तर पाच वर्षं ज्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं ते हजेरीपुरतं, ते आज मान वळवून माझी गोष्ट मागत होते. मी मास्तरकडं बघितलं. तो माझ्याकडं बघून पुटपुटला, "छोटी सांग."

मी मान हलवली. छोटीच सांगणार होतो. खरंच.

टपरीपुढं उतरलो. चहा आला. मी सुरू केलं, ते माझ्या वेल्ह्याच्या सासुरवाडीपासून. वेल्ह्यात माझ्या सासऱ्यांची एक म्हैस होती, एवढी अवाढव्य की तिला पाणी पाजायला नदीवर न्यायची सोय नव्हती, खालच्या गावांना टंचाई पडायची. एका हिवाळ्यात बिबट्या गोठ्यात शिरला. म्हैस उभी होती. बिबट्या दबा धरून खाली बसला, तेवढ्यात म्हशीला झोप आली. ती बसली. बिबट्यावर. सकाळी सासरे धार काढायला गेले तर म्हशीच्या पोटाखालून एक ठिपक्यांची शेपटी बाहेर. सासरे सासूला म्हणाले, "उठवू नगस. झोपमोड झाली की दूध आटतं."

एवढीच गोष्ट. तीन मिनिटांची. इथं थांबायचं होतं.

पण साहेब हसले. असे हसले की चहा त्यांच्या शर्टावर सांडला. आणि डोळे पुसत म्हणाले, "मग? पुढं काय झालं?"

पुढं काही झालेलंच नव्हतं. पण मग मी घडवायला लागलो. म्हशीखालच्या बिबट्याला बघायला बिबट्याची बायको आली. तिनं सासूजवळ गाऱ्हाणं घातलं. सासूनं तिला हळदीकुंकू लावून परत पाठवली. जंगलखात्याचा माणूस पंचनामा करायला आला, त्यानं म्हशीला बिबट्याचा कायदेशीर ताबा कुठल्या कागदानं मिळाला असं विचारलं, आणि म्हशीनं कागद खाल्ला. साहेबांनी दुसरा चहा सांगितला. अठरा माणसं पोट धरून हसत होती. मास्तरही हसत होता. वरचा ओठ हिरडीवर दाबून, पण हसत होता. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. त्यानं एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही. मी बघत होतो त्याच्याकडं, म्हणून मला माहीत आहे. आणि बघत असताना बोलत होतो.

ड्रायव्हरनं गिलास उपडा केला तेव्हा हायवेवरच्या गाड्यांचे दिवे लागून बराच वेळ झाला होता. साहेब कापूरहोळला उतरले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा रे गड्या." मी भाटघरला उतरायचो, भोरच्या अलीकडं. त्या दिवशी उतरलो नाही. मास्तरबरोबर भोरपर्यंत गेलो. स्टँडवर टेम्पो शिरला तेव्हा समोरच्या माडीवर अंधार होता आणि पुण्याच्या एसटीचं इंजिन चालू होतं. डॉक्टरबाई गाडीच्या दारातल्या पायरीवर एक पाय ठेवून उभ्या होत्या, रस्त्याकडं बघत.

मास्तर पळत गेला. बाई म्हणाल्या, "अहो, पावणेआठपासून वाट बघते तुमची!"

"टेम्पो अडकला बाई," मास्तर म्हणाला. कुठं, कुणात, ते सांगितलं नाही.

"तोंड उघडा." त्यांनी तिथंच, एसटीच्या आतल्या पिवळ्या दिव्याखाली, त्याची हनुवटी धरून दात बघितला. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, दवाखाना हितंच उघडताय का?" गाडीतले लोक हसले. बाई म्हणाल्या, "सिमेंट आहे अजून. उद्या या. उद्या नक्की." दार आपटलं आणि गाडी गेली.

पण बाईंनी ते 'उद्या' आमच्या कंपनीला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्यावर खडूनं लिहून आलं, दिवाळीआधीचा माल काढायचाय, दहा दिवस रोज आठपर्यंत काम. भोरला पोचेस्तोवर नऊ वाजायचे. मधल्या गुरुवारी सुट्टी मिळाली, पण गुरुवार म्हणजे वीज बंद, दवाखाना बंद. मास्तरनं एकदा बूथवरून बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "लवकरात लवकर या." तो "व्हय" म्हणाला. आणखी काय म्हणणार?

मी म्हणालो, "साहेबांपुढं जाऊ. मी बोलतो. आता त्यास्नी माझी वळख हाय."

गेलो. साहेबांनी मला बघून तोंड भरून हसत विचारलं, "काय म्हणतीय म्हैस?" मी सांगितलं, साहेब, मास्तरला दोन तास सोडा, मी एकटा प्रेस सांभाळतो. साहेब हसायचे थांबले. "एकट्यानं प्रेस? बोटं मोजून घेतलीस का आधी?" हे मात्र त्यांचं खरं होतं. त्या प्रेसवर एकट्यानं काम करायला गेलेल्या माणसाच्या हाताला तीनच बोटं उरलेली आम्ही रोज बघत होतो. गोष्टीला मान होता, विनंतीला नव्हता. माझी ओळख कामथडीच्या टपरीपुरतीच होती, हे मला तेव्हा कळलं.

आणि त्या दहा दिवसांत टेम्पो कामथडीला थांबायचा बंद झाला. उशीर झालेला, सगळे दमलेले, टपरी मिटलेली. मास्तरच्या दातासाठी ज्या दिवशी न थांबायची गरज होती त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमची सभा मोडली, आपोआप.

सिमेंट त्या दहांतल्या सहाव्या की सातव्या दिवशी निघालं. भाकरी खाताना. मास्तरनं कुणाला सांगितलं नाही, मिश्रीचं बोट लावून दिवस काढले. भाऊबीज झाली आणि कामावर आला तो चेहऱ्याची डावी बाजू सुजून डोळा बंद झालेला. ओळखू येईना. साहेबांनी बघितलं आणि वही बंद केली.

"अरे, हा काय अवतार! जा, जा ताबडतोब. आणि तू पण जा याच्याबरोबर, वाटेत पडेल बिडेल."

गेटपास मिळाला. दोघांना. प्रेस दिवसभर बंद राहिला आणि कुणाचं काही अडलं नाही.

माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपमध्ये मास्तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता, अंग तव्यासारखं. माडी चढवताना मी त्याला मागून धरलं. बाईंनी बघितलं आणि त्या रागावल्या, पण राग कुणावर काढायचा ते त्यांना ठरवता येईना. "मी सांगितलं होतं तुम्हाला. आठ दिवस म्हटलं होतं. किती दिवस झाले?" मास्तर बोटांवर मोजायला लागला. बाई म्हणाल्या, "राहू द्या."

आधी गोळ्यांवर दोन दिवस ठेवला, सूज उतरवली. ते दोन दिवस त्याला रजा मिळाली, कारण आता ताप होता. तिसऱ्या दिवशी बाईंनी दात काढला. प्रेस तसाही बंद होता, म्हणून मी बाकावर बसून होतो. पडद्याआडून मला मास्तरचे फक्त पाय दिसत होते. मळक्या मोज्यातली बोटं वर-खाली, वर-खाली हलत होती. ताल धरल्यासारखी म्हणावंसं वाटतं, पण ते मी वाढवून सांगतोय. नुसती दुखण्यानं हलत होती.

बाहेर आला तेव्हा तोंडात कापूस होता. बाई म्हणाल्या, "महिन्याभरात खोटा दात बसवू. जेवता येईल, बोलता येईल, कुणाला कळणारही नाही."

मास्तरनं कापूस बाजूला सारून विचारलं, "फुकता?"

बाईंना कळलं नाही. मी सांगितलं, "क्लारनेट वाजवतो त्यो, बाई." त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार." बाई प्रामाणिक होत्या. मी असतो तर म्हणालो असतो, आधीपेक्षा झक्कास वाजवशील, चाळीस गावं ऐकायला येतील.

सराईचं पहिलं लग्न दुसऱ्याच कुणीतरी वाजवलं. संक्रांतीच्या सुमाराला मास्तरचा खोटा दात आला, गुलाबी पट्टीवर बसवलेला. दिसायला फर्मास. एका गुरुवारी त्यानं मला घरी बोलावलं, बायकोनं शिरखुर्म्याच्या भांड्यात चहा दिला, आणि मास्तरनं क्लॅरिनेट जोडली. टेकवली. फुंकली. पट्टी टाळूवरून हलायची आणि सूर मधेच चिरकायचा. पुन्हा टेकवली. पुन्हा चिरकली. पट्टी काढून एका दातावर धरून बघितलं, तर क्लॅरिनेट वाकडी व्हायची आणि वारा बाहेर पळायचा. अर्धा तास चाललं. शेवटी त्यानं ती पुसली, तुकडे वेगळे केले, एक एक करून पेटीत ठेवले आणि मला विचारलं, "साखर बरूबर हाय का?"

बँडवाल्यांनी त्याला सोडलं नाही. भली माणसं. पुढच्या सराईत त्याला खुळखुळा दिला, मग झांजा. लाल कोट तोच, टोपी तीच, जागा मात्र पुढून तिसऱ्या ओळीत. दोन वर्षांनी तो आपण होऊन जायचा बंद झाला.

मी काय केलं? मी त्या दाताची गोष्ट केली. हो, हेही सांगून टाकतो. टेम्पो पुन्हा कामथडीला थांबायला लागला तेव्हा मी मास्तरच्या दाताची गोष्ट सांगायचो. त्यात कंडक्टर होता, फळ्यावरचा खडू होता, साहेब होते, "पत्रा दातानं उचलतोस का" होतं, एसटीच्या पायरीवरचा दवाखाना होता. लोक लोळायचे. मास्तर तोंडावर हात ठेवून हसायचा. त्या गोष्टीत कामथडीची टपरी मात्र कधीच आली नाही. टेम्पो आपला पंक्चर झाला होता.

पुढं कारखाना बंद पडला. मास्तर भोरात एका दुकानावर लागला, मी भाटघरला शेतीत. हातात मोबाईल आले तेव्हाची गोष्ट. एकदा त्याचा फोन आला, "दोस्ता, माझ्याबरूबर सातारला येतो का? क्लारनेट इकायची हाय. मला बोलता येत न्हाई. तू बोल, तुझ्यावाणी बोलणारा पायजे."

गेलो. साताऱ्यातल्या एका बँडच्या मालकाकडं. लई पोचलेला म्हातारा. त्यानं क्लॅरिनेट जोडली, उजेडाकडं धरून बघितली, तोंडात धरायच्या भागावरून अंगठा फिरवला. तिथं मास्तरच्या दोन वरच्या दातांनी वर्षानुवर्षं टेकून दोन खळगे पाडले होते, शेजारी शेजारी. म्हातारा म्हणाला, "झकास वाजवली हाय कुनीतरी. मग इकताय कशापायी?"

मास्तरनं माझ्याकडं बघितलं. बोल की, असं. यासाठीच तर मला आणलं होतं. माझ्याजवळ दहा कारणं तयार होती, एकापेक्षा एक नामी. एसटीत बसल्या बसल्या जुळवली होती. तोंड उघडलं आणि एकही बाहेर आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. म्हातारा वाट बघत राहिला. मग मास्तरनंच पट्टी काढली, हातावर ठेवली आणि ओठ वर करून दाखवला. म्हाताऱ्यानं मान हलवली, आणि पुढं घासाघीस केली नाही.

परतीच्या गाडीत मास्तर खिडकीशी बसला. खंबाटकी उतरली, शिरवळ गेलं. मी म्हणालो, "मास्तर, त्या मंगळवारी टेम्पो माझ्यामुळं थांबला."

"म्हाईत हाय की. मी तितंच व्हतो."

"मंग बोलला का न्हाईस? नुस्तं म्हणायचं व्हतंस, गप ए. लगीच निगालो असतो."

मास्तर माझ्याकडं वळला. मग असं बोलला, जशी साधी रीत सांगावी, उष्टा हात धुवावा असं सांगावं तशी.

"तू ऐन रंगात व्हतास. रंगात आल्याला मानूस मधीच थांबवत न्हाईत, दोस्ता. आमच्यात न्हाई थांबवत. माझा बाप वाजवायचा तवा लगनाचा मुहूर्त टळला तरी कुनी थांबवलं न्हाई त्याला. मला वाटलं, आता संपल, मंग संपल." मग हसला. "त्या बिबट्याच्या बायकूपाशी मला वाटलं व्हतं संपली."

मला सांगता आलं असतं की खरी गोष्ट तिच्याही आधी, म्हशीच्या झोपेपाशीच संपली होती. तीन मिनिटांत. पुढचं सगळं मी साहेबांसाठी रचत गेलो होतो, आणि मास्तर ते वाजवणं समजून मान देत उभा होता. कापूरहोळला आम्हाला भोरची गाडी बदलायची होती. तो उतरला, मी पण उतरलो. फाट्यावर उभं राहून आम्ही गाडीची वाट बघत राहिलो.